चौथीची उपकारस्तुती

रूबेननं विषय काढला तेव्हा लुदिया करंज्यांना मुरड घालत होती. नाताळ दोन दिवसांवर आला होता. यंदा दुष्काळ, साखर रेशनची आणि रवा मोजका. त्यामुळे दरवर्षीचा मोठा डबा बाजूला ठेवून लहानच भरायचा, असं तिनं आणि सासूनं आधीच ठरवून टाकलं होतं. सासू काशम्मा भिंतीला टेकून लाट्या करत होती. धाकटी जाऊ एस्तेर सारण भरत होती. लुदियाचा नवरा याकोब दारात खुर्चीवर चढून आकाशकंदील बांधत होता. चौघी मुली चर्चमध्ये गाण्यांच्या तालमीला गेल्या होत्या.

रूबेन हा याकोबचा धाकटा भाऊ. पिंपरीच्या एका कारखान्यात तो नकाशे काढायच्या कामाला होता. तो आणि एस्तेर आदल्या दिवशीच पुण्याहून आले होते.

"दादा, जरा खाली उतर," रूबेन म्हणाला. "एक मागायचं आहे. सगळ्यांसमोरच मागतो, म्हणजे मागून कुणी काही बोलायला नको."

याकोब सुतळी दातात धरून तसाच खाली उतरला.

"आमच्या लग्नाला दहा वर्षं झाली. ससूनच्या डॉक्टरांनी यंदा स्पष्टच सांगितलं, की आशा धरू नका. तुला चार मुली आहेत. गिरणी आठवड्यातले चारच दिवस चालते, हे तूच पत्रात लिहिलंस. आमच्याकडे दोन खोल्या आहेत, दिवसभर पाणी आहे, कोपऱ्यावर शाळा आहे." त्यानं एस्तेरकडं पाहिलं. "साकू आम्हाला द्या. दत्तक, रीतसर कागद करून. एस्तेरचं आणि माझं बोलणं झालंय."

साकू म्हणजे चौथी. सहा वर्षांची. चर्चच्या वहीत तिचं नाव दीना होतं, पण त्या नावानं तिला कुणी हाक मारत नसे. लुदियाचं माहेर अक्कलकोटकडचं, घरात कानडी बोलणारं. चौथीही मुलगीच झाली, असं सुईण गुरम्मानं सांगितलं तेव्हा लुदियानं भिंतीकडं तोंड फिरवलं होतं आणि आईच्या भाषेत एकच शब्द उच्चारला होता, "साक." म्हणजे पुरे. गुरम्मा हसली, बाळाला साकव्वा म्हणाली, आणि नाव चिकटलं. त्या भागात अशी नावं ठेवतातच. त्यात कुणाला काही वाटत नाही.

लुदियाच्या हातातली करंजी अर्धी मुरडून राहिली. तिनं याकोबकडं पाहिलं. आता हा नाही म्हणेल, असं तिला वाटलं. याकोबनं दातातली सुतळी काढली, बोटाला गुंडाळली आणि परत सोडली.

"असं एकदम कसं सांगायचं?" तो म्हणाला.

"एकदम नको. आम्ही सव्वीसच्या गाडीनं जाणार. तोवर सांग."

"इचार करायला काय हरकत हाय?" काशम्मा लाटी वळता वळता म्हणाली. "पोरगी परक्याच्या घरी थोडीच जायली हाय. चुलत्याकडंच जाणार की."

एस्तेरनं मान वर केली नव्हती. थोडं सारण मात्र करंजीच्या बाहेर सांडलं होतं. लुदियानं ते बोटानं आत सारलं, कडा दाबली आणि करंजी ताटात ठेवली. ती काहीच बोलली नाही. बोलायला हवं होतं, हे तिला पुढं दोन दिवसांनी कळलं.

*

नळाला तिसऱ्या दिवशी पाणी यायचं. संध्याकाळी नवराबायको कळशा घेऊन रांगेत उभे राहिले. पुढं वीस-पंचवीस भांडी होती. रांगेतल्या बायका दुष्काळी कामाच्या गोष्टी बोलत होत्या. कुणाचा भाऊ कुंभारीकडं रस्त्यावर खडी फोडायला जात होता, कुणाची जाऊ लेकरांना घेऊन तिथंच राहायला गेली होती.

"तुम्ही नाही का म्हणाला नाहीत?" लुदियानं विचारलं.

"तू म्हणशील वाटलं."

"भाऊ कुणाचा? तुमचा की माझा?"

याकोब कळशीच्या गळ्यावरचा पोचा अंगठ्यानं दाबत राहिला. गिरणीत साच्यांवर, म्हणजे मागांवर, वीस वर्षं काढलेला हा माणूस. साच्यांच्या आवाजात बोलून उपयोग नाही, म्हणून त्यानं बोलणंच कमी करून टाकलं होतं. "खरं सांगू? तो बोलायला लागला आणि माझ्या मनात हिशेब चालू झाला. तिच्या अंगावरचा झगा बघ. थोरलीचा मधलीला, मधलीचा तिसरीला, तिसरीचा तिला. चौथ्या अंगावर येईस्तोवर त्याला रंग राहिला नाही. नवं असं तिला आपण काय दिलंय?"

"म्हणून देऊन टाकायची?"

"देऊन टाकायची म्हटलं नाही मी. तिचं बरं व्हायलंय का, एवढंच बघायलोय."

लुदियाला राग आला, आणि त्या रागात थोडी भीतीही होती. याकोब म्हणत होता त्यात खोटं काही नव्हतं. गेले सहा महिने ती स्वतःच प्रार्थनेत एकच पाढा वाचत होती: पाणी नाही, काम नाही, गहू नाही, रेशनवर ती लाल मिलो ज्वारी आहे, आणि तिची भाकरी थापता थापता मोडते. एस्तेरची पुण्याहून पत्रं यायची. त्यात पंख्याचा उल्लेख असायचा, नव्या कपाटाचा असायचा. ती पत्रं वाचून लुदिया घडी घालून ठेवायची आणि त्या दिवशी मुलींवर जरा जास्तच ओरडायची. आता तीच एस्तेर तिच्या दारात मागायला आली होती.

"उद्या सांगू त्याला," याकोब म्हणाला.

"काय सांगू?"

पुढची भांडी सरकली, म्हणून त्यानं कळशी पुढं सरकवली.

*

चोवीसच्या सकाळी चर्च झाडायची पाळी लोंढ्यांच्या, म्हणजे याकोबच्या घराची होती. दरवर्षी लुदिया थोरल्या दोघींना घेऊन जायची. यंदा एस्तेर म्हणाली, मी येते. दोघी जावांनी बाकं ओढली, जळमटं काढली. पाणी वाया घालवायचं नव्हतं म्हणून फरशी कोरड्या फडक्यानंच पुसली.

शेवटच्या बाकाजवळ एस्तेर खाली बसली आणि तिथंच थांबली.

"ताई, तुम्हाला माझा राग आला असेल."

"राग कशाला?"

"आला असेल तर येऊ दे. पण मी साकूच का म्हटलं, ते सांगते. तिच्या जन्माच्या वेळी मी इथंच होते. तुमच्या बाळंतपणाला मदत म्हणून आले होते. आठवतंय ना?"

"आठवतंय."

"तुम्ही तीन दिवस रडलात. मी बाळाला घेऊन दुसऱ्या खोलीत बसायचे. भूक लागली की तुमच्याकडे आणायचे, पाजून झालं की परत न्यायचे. तिघींच्या वेळी तुम्ही इथं उपकारस्तुती केली होती. चिठ्ठी टाकली, पाळकांनी नाव वाचलं, सगळ्यांना पेढे वाटले. मला वाटलं, चौथीचीही कराल. मी तिच्यासाठी टोपडं विणलं होतं त्या रविवारसाठी." एस्तेर फडक्याची घडी घालत होती, उलगडत होती. "तो रविवार आला नाही. मी महिनाभर थांबले आणि पुण्याला परत गेले. टोपडं अजून माझ्या पेटीत आहे."

लुदियाला म्हणावंसं वाटलं, की तेव्हा मी आजारी होते, तेव्हा सासूचा पाय मोडला होता, तेव्हा घरात अडचण होती. यातली एकही गोष्ट पूर्ण खोटी नव्हती आणि एकही खरी नव्हती.

"त्या दिवसांत मी प्रार्थना सोडली होती," एस्तेर म्हणाली. "देवाला म्हटलं, ज्यांना नको त्यांच्या पदरात टाकतोस आणि मी मागते तर ऐकत नाहीस. नंतर परत धरली. पण त्या जागी अजून दुखतं."

"मला ती नको नव्हती," लुदिया म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला.

एस्तेरनं तिच्याकडं पाहिलं. त्या नजरेत भांडण नव्हतं. "आता नसेल," ती म्हणाली आणि बादली उचलून बाहेर गेली.

*

दुपारी जेवणं झाल्यावर काशम्मा ओसरीवर मिलो निवडत बसली होती. वय शहात्तर, डोळ्यांनी कमी दिसायचं, पण खडा तिच्या बोटांना बरोबर सापडायचा. लुदिया दुसरं सूप घेऊन शेजारी बसली.

"आत्या, तुमचं काय म्हणणं आहे ते सरळ सांगा."

"माझं म्हणणं हायच की. द्यावी."

"का?"

"मी स्वतः दिलेलं लेकरू हाय म्हणून." काशम्मानं हात थांबवला नाही. "तुला ठावं हाय सगळं."

ठाऊक होतं. घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण तुकड्या-तुकड्यांनी. एकोणीसशे सालच्या दुष्काळात काशम्मा चार वर्षांची होती. कुंभारीच्या पलीकडच्या एका वाडीतून तिची आई तिला घेऊन चालत सोलापुरात आली, मिशनच्या फाटकाशी तिला बसवलं आणि गेली. मिशनच्या मडमेनं तिला आत घेतलं. तिथंच ती वाढली, शिकली, बाप्तिस्मा झाला, लग्न झालं. दर नाताळला जेवणाआधी घरातल्या प्रत्येकानं एकेक उपकार सांगायचा, हा रिवाज तिनंच घातला होता. तिचा स्वतःचा उपकार दर वर्षी एकच असायचा: मी जगले.

"तुम्हाला आई आठवते?" लुदियानं विचारलं. इतक्या वर्षांत तिनं हे कधी विचारलं नव्हतं.

"त्वांड न्हाय आठवत. 'हितं बस' म्हणाली, ते आठवतं. मी बसले. आत न्हेलं तरी मी दुसऱ्या दिवशी परत तितंच येऊन बसायची म्हणं. मडमबाई सांगायची. लई दिस बसायची."

"राग येतो तिचा?"

"राग कशाचा? तिच्यापाशी दुसरं काय हुतं? माझ्या पाठचा भाऊ वाटंतच गेला हुता. मी बी गेले असते." काशम्मानं एक खडा उचलून अंगणात टाकला. मग सूप तिच्या मांडीवर तसंच राहिलं.

"आत्या?"

"थांब. इचार करायले." तिनं बोटं पदराला पुसली. "तुझ्या घरात काल किती भाकरी झाल्या?"

"बावीस."

"कोन उपाशी झोपलं?"

"कुणी नाही."

"मंग हा दुष्काळ त्यो न्हवं," काशम्मा म्हणाली. "त्यो येगळा हुता. त्यात माणूस लेकरू सोडायचं ते लेकरू जगावं म्हणून. तुझ्या घरी टंचाई हाय. उपास न्हाय. मी उगंच दोनी एक केलं. म्हातारपणी असंच हुतंय, सगळे दुष्काळ एकच वाटायलेत." तिनं सूप परत हातात घेतलं. "माझ्या आईला इचारायला कुणी आलं नसतं, की देतीस का ठेवतीस. तुला इचारलंय. तवा तू सांग. माझ्या नावावर ढकलू नगंस."

"आणि एस्तेरचं काय?"

"तिचं दुःख खरं हाय. पर त्याला औषध म्हणून तुझी पोरगी देता यायची न्हाय. द्यायची तर पोरीचं बरं व्हतंय म्हणून द्यायची. तिचं बरं कुटं हाय, ते तू बघ."

लुदिया उठली. अंगणाच्या टोकाला चौघी मुली रंगीत कागदाच्या साखळ्या करत होत्या. खळ संपली होती म्हणून साकू भाताची शितं चुरून कागद चिकटवत होती आणि मधूनच एखादं शीत खात होती. लुदिया तिच्याकडं बघत उभी राहिली. या मुलीनं सहा वर्षांत कधी काही मागितलं नव्हतं, हे तिच्या लक्षात आलं. शहाणी आहे म्हणून मागत नाही, असं ती आजवर शेजारणींना कौतुकानं सांगत आली होती.

*

नाताळच्या सकाळी चर्च भरलं होतं. दुष्काळ असला तरी लोकांनी धुतलेले, इस्त्री केलेले कपडे घातले होते. लोंढ्यांचं कुटुंब तिसऱ्या-चौथ्या बाकावर बसलं. लुदियाच्या पायाशी एक पिशवी होती आणि पिशवीतून मधूनमधून कोंबडीचा आवाज येत होता. याकोबनं एकदा खाली पाहिलं. घरातली एकुलती एक अंडी देणारी कोंबडी तिनं अर्पणाला आणली होती. मग त्यानं बायकोकडं पाहिलं.

उपदेश झाला. मग उपकारस्तुतीच्या चिठ्ठ्या वाचायची वेळ आली. पाळकसाहेब एकेक चिठ्ठी उलगडून वाचत होते. कुणाला नोकरी लागली होती, कुणी दवाखान्यातून बरं होऊन आलं होतं, कुणाच्या विहिरीला अजून पाणी होतं. एक चिठ्ठी त्यांनी वाचली, चष्मा वर केला आणि पुन्हा वाचली.

"याकोब आणि लुदिया लोंढे यांच्याकडून. चौथ्या मुलीच्या जन्माबद्दल."

बायकांत कुजबूज झाली. मागच्या बाकावरच्या बनाबाईनं पुढं वाकून लुदियाच्या मांडीकडं पाहिलं, बाळ कुठं आहे म्हणून.

"जन्म कधी झाला?" पाळकसाहेबांनी विचारलं.

लुदिया उभी राहिली. "सहा वर्षं झाली, साहेब. उपकारस्तुती राहून गेली होती."

"राहून गेली?"

ती बसू शकली असती. एवढं पुरेसं होतं. पण एस्तेर त्याच बाकावर चार माणसांपलीकडं बसलेली होती. "राहून गेली नव्हती," लुदिया म्हणाली. "मी केली नव्हती. चौथीही मुलगी झाली म्हणून मी तोंड फिरवलं. देवानं दिलं ते मला कमी वाटलं. ते चुकलं. आज उपकार मानते. तिला दिलं म्हणून, आणि माझ्या तसल्या वागण्यावरसुद्धा ती आमच्यापाशी राहिली म्हणून."

कुणीतरी खोकलं. कोंबडी ओरडली. मग याकोब उभा राहिला. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली तोवर दोघं शेजारी-शेजारी उभे होते. साकूच्या बहिणी तिला कोपरानं ढोसत होत्या. ती आपल्या झग्याच्या गुंड्या बघत होती.

रूबेन ताठ बसून होता. एस्तेरनं पुढचं गाणं म्हटलं, शेवटच्या कडव्यापर्यंत. लुदियानं बाकाच्या या टोकावरून ऐकलं. तिचा आवाज कुठं तुटला नाही.

*

घरी आल्यावर रूबेननं कोट काढून खुंटीला टांगला आणि तो म्हणाला, "वहिनी, नाही म्हणायचं होतं तर घरात म्हणायचं. सगळ्या मंडळीसमोर आम्हाला उत्तर द्यायची गरज नव्हती."

"मंडळीला कुठं माहीत आहे तुम्ही काय मागितलं ते?" याकोब म्हणाला.

"मला माहीत आहे. एस्तेरला माहीत आहे. आम्ही दोन दिवस वाट बघायलोय आणि उत्तर मिळतंय कुठं? चर्चमध्ये. कोंबडीसोबत."

पुण्यात राहून रूबेनची भाषा बदलली होती. रागात मात्र ती परत सोलापूरची झाली. लुदियाला वाटलं होतं, की आज तिनं आयुष्यातलं एक अवघड काम केलं. रूबेनच्या बोलण्यानं तिला दिसलं, की त्यातला सोपा भाग तिनं तेवढा केला होता. देवासमोर चूक कबूल केली, आणि ज्यांना तोंडावर नाही म्हणायचं त्यांना बाजूला ठेवलं.

"चुकलं, भावजी," ती म्हणाली. "आधी तुम्हाला सांगायला हवं होतं. आता सांगते. साकू आम्ही देणार नाही."

"कळलं," रूबेन म्हणाला आणि अंगणात जाऊन उभा राहिला. याकोब त्याच्यामागं गेला. दोघं भाऊ एकाच दिशेला बघत उभे राहिले.

स्वयंपाकघरात एस्तेर ताटं पुसत होती. लुदिया तिच्याजवळ गेली.

"एस्तेर, पहिल्याच दिवशी मी नाही म्हणायला हवं होतं."

"हो," एस्तेर म्हणाली. "म्हणायला हवं होतं." तिनं पुसलेलं ताट बाजूला ठेवलं, दुसरं घेतलं. "तुम्ही काही बोलला नाहीत ना, ताई, म्हणून मी दोन दिवस आई होते. काल दुपारी झोपले होते तेव्हा मनात तिची शाळेची पिशवी शिवून झाली. निळ्या कापडाची."

लुदियानं तिच्या हातातलं फडकं काढून घेतलं. एस्तेरनं घेऊ दिलं. मग ती लुदियाच्या खांद्यावर डोकं टेकून रडली, फार वेळ नाही. बाहेरून काशम्मा ताटं मागत होती. एस्तेरनं पदरानं तोंड पुसलं आणि ताटं उचलली.

जेवायला सगळे गोल बसले. कोंबडी अर्पणात गेलेली, त्यामुळे ताटात वाटाण्याची उसळ आणि भात होता, एकेक करंजी होती. काशम्मानं सुरुवात केली. "मी जगले," ती म्हणाली, दर वर्षीसारखंच. मग याकोब गिरणीच्या चार दिवसांबद्दल बोलला, की पाच नाहीत पण चार आहेत. थोरल्या तिघींनी आपापलं सांगितलं. साकूनं करंजीबद्दल उपकार मानले. लुदियाचा उपकार सकाळीच चर्चमध्ये सांगून झाला होता. रूबेन म्हणाला, "माझं राहू दे."

"ऱ्हाऊ दे," काशम्मा म्हणाली.

एस्तेरची पाळी आली. ती ताटाकडं बघत होती. "आई, यंदा माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही. उगाच काही म्हटलं तर ते खोटं होईल."

"मंग नगं सांगू. देवाला खोटं चालत न्हाय, गप चालतंय. जेव."

सगळ्यांनी भात कालवला. थोड्या वेळानं एस्तेरनं पाण्याचा पेला खाली ठेवला. "ताईंनी मला खरं सांगितलं," ती कुणाकडंही न बघता म्हणाली. "उशिरा सांगितलं. पण खरं. तेवढं धरा."

"धरलं," काशम्मा म्हणाली आणि तिच्या ताटात उसळ वाढली.

रूबेननं बायकोकडं पाहिलं आणि मग तोही जेवायला लागला.

*

सव्वीसच्या सकाळी लुदिया साकूला घेऊन त्यांना पोचवायला स्टेशनावर गेली. याकोबची गिरणीत पहिली पाळी होती. गाडी हलताना एस्तेरनं खिडकीतून हात बाहेर काढला आणि साकूच्या गालाला लावला. रूबेननं, "मे महिन्यात सगळ्यांना घेऊन या, वहिनी," असं म्हटलं. म्हणताना तो थोडा अवघडला होता, पण त्यानं म्हटलं.

परतीच्या वाटेवर कोपऱ्यावरच्या उसाच्या गुऱ्हाळाचा चरक बंद होता. तिथून पुढं आल्यावर साकू म्हणाली, "मला पाठवणार होता ना तुम्ही?"

"कुणी सांगितलं?"

"ताईनं. तिनं काल सगळं ऐकलंय." साकू रस्त्यावरचा एक खडा पायानं ढकलत चालली. "काकूकडं पंखा आहे."

"माहीत आहे."

"आणि नळाला रोज पाणी येतं. रांग नसते."

"तेही माहीत आहे."

"मग का नाही पाठवलं?"

लुदियाच्या मनात दोन दिवसांत पुष्कळ मोठी उत्तरं तयार झाली होती. त्यांतलं एकही या प्रश्नाला बसेना. "तू मला हवी आहेस म्हणून," ती म्हणाली.

साकूनं यावर विचार केला. "चर्चमध्ये तू म्हणालीस, मी झाले तेव्हा तू तोंड फिरवलंस."

"हो. फिरवलं होतं."

"मग हवी कधी झाले?"

बाजूनं एक पाण्याचा टँकर गेला. त्याच्या मागं सांडणाऱ्या पाण्याची ओली रेघ रस्त्यावर उमटत गेली. मुलीशी खोटं बोलायचं नाही, एवढं लुदियानं ठरवलं होतं, पण खरं काय ते तिला नीट सापडत नव्हतं. "एका दिवशी नाही झालं ते," ती म्हणाली. "हळूहळू झालं. आणि झालं ते मला काल-परवा कळलं."

"लई उशीर लावलास की," साकू म्हणाली.

"लावला," लुदिया म्हणाली.

साकू अजून रुसलेली होती. पंख्याचं दुःख तिला चार-पाच दिवस पुरणार, हे दिसतच होतं. चाळीच्या तोंडाशी आल्यावर ती थांबली आणि आईकडं मान वर करून म्हणाली, "मला एक नवा झगा पाहिजे. ताईचा नको. माझा."

सहा वर्षांत तिनं पहिल्यांदा काही मागितलं होतं. लुदियाला रस्त्यातच हसू फुटलं.

"कुठल्या रंगाचा?" तिनं विचारलं.